तुम्ही विचारा: गोठ्यातला कोरोना

मागच्या अंकात वासरांच्या थंडीतल्या हगवणीवर लिहिताना कोरोना व्हायरसचं नाव आलं आणि मग पत्रं, व्हॉट्सअॅप, फोन सगळंच सुरू झालं. इंदूर, राऊ, महू, देवास सगळीकडून प्रश्न आलेत, बरेचसे एकमेकांत गुंतलेले, म्हणून काही एकत्र करून घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न (राऊहून) : ताई, डिसेंबरात आमची वासरं लागोपाठ हगवणीने आजारी पडली, एक गेलं. डॉक्टरांनी शेण तपासायला पाठवलं तर रिपोर्टमध्ये कोरोना आला. आता शेजारचे दूध घ्यायला कचरतायत. हा तोच कोरोना का? घरच्यांनी टेस्ट करायची का?

उत्तर : नाही हो, तोच नाही. वासरू गेल्याचं वाचून वाईट वाटलं. आता नीट सांगते. कोरोना या नावाखाली कितीतरी व्हायरस येतात, २०२० मध्ये आपल्या घरात शिरला तो त्यातला एक. तुमच्या रिपोर्टमधला आहे बोव्हाइन कोरोना व्हायरस, म्हणजे गाईंचा. हा अमेरिकेत नेब्रास्कामध्ये वासरांच्या हगवणीत सापडला १९७२ च्या सुमारास, कोविडच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी, आणि तेव्हापासून जिथे जिथे गाई आहेत आणि कुणी शोधलंय तिथे तिथे तो सापडतोय, आपल्या देशातही. दोघंही बीटा गटातले आहेत हे खरं, पण उपगट वेगळे आणि पेशीला चिकटायची जागाही वेगळी. कोविडवाला आपल्या पेशीवरचं एसीई-२ नावाचं प्रोटीन पकडतो, गाईवाला पेशीवरची एक खास साखर पकडतो, सियालिक अॅसिडचा एक प्रकार.

उलट बाजूनेही तपासलंय लोकांनी. जर्मनीत २०२० मध्ये सहा गाईगुरांच्या नाकात मुद्दाम कोविडचा व्हायरस सोडून बघितला, त्यातल्या दोघांनाच थोडी लागण झाली आणि सोबत बांधलेल्या जनावरांना तर काहीच झालं नाही. म्हणजे गाय कोविड पसरवत फिरते असं काही नाही.

शेजाऱ्यांना सांगा, दूध उकळून घ्या आणि खुशाल प्या. उकळलेल्या दुधात हा व्हायरस टिकत नाही, आणि कच्चं दूध तर ब्रुसेला, टीबी वगैरे कारणांनी तसंही पिऊ नये. घरच्यांच्या टेस्टची गरज नाही. पण आजारी वासराचं करणाऱ्याने हात साबणाने धुवायचे म्हणजे धुवायचेच, कारण वासराच्या हगवणीत कोरोना एकटा क्वचितच असतो, सोबत क्रिप्टोस्पोरिडियम किंवा साल्मोनेला असू शकतो आणि ते माणसाला लागतात, लहान मुलांना तर पटकन.

प्रश्न (इंदूरहून, बी.एस्सी.चा विद्यार्थी) : गाईंच्या कोरोनाचे किती प्रकार आहेत? पोटाचा वेगळा आणि फुप्फुसाचा वेगळा असं वाचलं. तो बदलतो कसा आणि हे फॅमिली ट्री कशावरून काढतात? पुढे एम.एस्सी.ला काय करू?

उत्तर : फार छान प्रश्न, म्हणून जागा जास्त घेणार आहे.

आधी तो पोट-फुप्फुसाचा घोळ. पूर्वी खरंच वाटायचं की दोन वेगळे व्हायरस असतील, कारण आजार तीन तऱ्हेचे दिसतात : पहिल्या काही आठवड्यांतल्या वासरांची हगवण, मोठ्या गाईंना थंडीत होणारी रक्ताची हगवण जिला विंटर डिसेंट्री म्हणतात, आणि सर्दी-खोकला-न्यूमोनिया, खास करून लांबचा प्रवास करून आलेल्या जनावरांत. पण नाकातले आणि शेणातले नमुने घेऊन त्यांची जनुकं शेजारी शेजारी मांडली तर आजारानुसार फांद्या पडत नाहीत, त्या पडतात जागेनुसार आणि सालानुसार. एकाच गाईच्या नाकात आणि शेणात तोच व्हायरस मिळतो. सीरोटाइपसुद्धा, म्हणजे अँटिबॉडी व्हायरसला ज्यावरून ओळखतात ते रूप, एकच मानतात, म्हणून तर परदेशातल्या लशींत अजून १९७० च्या दशकातले वाण, म्हणजे याच व्हायरसचे पोटप्रकार, वापरात आहेत.

आता बदल. या व्हायरसचा जीनोम म्हणजे आरएनएची एक लांब माळ, साधारण ३१,००० अक्षरांची, आरएनए व्हायरसमध्ये हे फारच मोठं प्रकरण आहे. एवढी माळ दरवेळी नकलायची तर चुका होणारच, पण कोरोना व्हायरसकडे चुका तपासून काढून टाकणारं एक एन्झाइम असतं जे फ्लूच्या व्हायरसकडे नाही, म्हणून तो फ्लूपेक्षा सावकाश बदलतो. बेल्जियमच्या लूव्हनमधल्या गटाने २००५ मध्ये जो वेग काढला त्यावरून हिशोब केलास तर वर्षाला अख्ख्या माळेत डझनभर अक्षरं बदलतात. ही अक्षरं सगळीकडे सारखी बदलत नाहीत. आतलं मशीन चालवणारे भाग फारसे हलत नाहीत, कारण तिथे चूक झाली की व्हायरसच बाद. बदल जमा होतात बाहेरच्या प्रोटीनमध्ये, मुख्य म्हणजे स्पाइक नावाच्या, पेशीला चिकटणाऱ्या काट्याच्या पुढच्या अर्ध्या भागात, एस-१ मध्ये, कारण गाईच्या अँटिबॉडी तिथेच येऊन धडकतात. या व्हायरसकडे स्पाइकशिवाय आणखी एक टोचणी असते, एचई नावाची, कोविडवाल्याकडे ती नसते. स्पाइक साखरेला पकडतं आणि एचई ती साखर कापून सुटका करून घेतं. पकडणं आणि सोडणं यांचा मेळ बसला तरच व्हायरस पेशीपेशीतून पुढे सरकतो, त्यामुळे या दोघांतले बदल बरोबरीने बघावे लागतात.

दुसरा रस्ता जास्त मोठ्या उडीचा, रिकॉम्बिनेशन. परीक्षेच्या आदल्या रात्री तू दोन मित्रांच्या वह्या समोर ठेवून नोट्स उतरवतोयस आणि झोपेत पान एकाचं संपलं की पुढचं दुसऱ्याचं चालू केलंस, तर तुझ्या वहीत दोघांचंही थोडं थोडं येणार, तसं. एका पेशीत दोन वाण एकाच वेळी शिरले की नक्कल करणारं एन्झाइम मध्येच एका माळेवरून दुसऱ्या माळेवर जातं. चीनमधल्या दुभत्या गाईंच्या वासरांत असे नमुने मिळालेत ज्यांत एचईचा एक तुकडा दुसऱ्याच वाणाचा होता. हे घडायला दोन वाण एकाच जनावरात यावे लागतात, आणि ते येतात कुठे, तर जिथे चार ठिकाणची जनावरं एका छपराखाली बांधली जातात.

ट्री काढायचं तत्त्व सोपं आहे रे. नमुन्यातल्या स्पाइकच्या जनुकाची किंवा जमलं तर अख्ख्या जीनोमची अक्षरं वाचायची, एकाखाली एक मांडायची, कुणात किती फरक आहे ते मोजायचं, जवळचे जवळ आणि लांबचे लांब बसवायचे. नमुन्यावर साल लिहिलेलं असेल तर वेगही निघतो आणि दोन फांद्या कधी फुटल्या त्याचा अंदाजही. असं केल्यावर जगातले वाण मोटामोटी दोन मोठ्या गटांत बसतात : एक युरोपचा आणि एक अमेरिका-आशियाचा. युरोपात गुरांचा व्यापार बराचसा आपसातच चालतो, तर अमेरिकेतून आशियात जनावरं गेलेली आहेत, आणि झाडावर नेमकं तेच दिसतं. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे की या व्हायरसचं झाड माणसाने गुरं कुठून कुठे नेली त्याच्या मागे मागे वाढलंय. गाय स्वतः चालत समुद्र ओलांडत नाही.

भारतातले पूर्ण वाचलेले जीनोम मात्र फार थोडे आहेत, आणि जगात सगळ्यात जास्त गुरं असणाऱ्या देशांत आपण, हे मला मनापासून खटकतं. तू पुढे एम.एस्सी.ला काय करू म्हणून विचारतोयस ना, हे कर. महूला १९५५ पासूनचं व्हेटर्नरी कॉलेज आहे, भोपाळला जनावरांच्या रोगांची हाय सिक्युरिटी लॅब आहे, माळव्यात माळवी गाय आहे, निमाडात निमाडी आहे, कामाला तोटा नाही.

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर) : माझं वय ७४. नातू म्हणतो माणसाची सर्दी गाईपासून आली. मी रोज सकाळी गाईला पोळी देते, तिच्या पाठीवरून हात फिरवते. हे खरं आहे का, आणि मी हे बंद करावं का?

उत्तर : आजी, पोळी देणं अजिबात बंद करू नका. पण नातू अगदीच खोटं सांगत नाहीये हं, त्याला शाबासकी द्या.

माणसाच्या साध्या सर्दीला कारण असलेले बरेच व्हायरस आहेत, त्यातले चार कोरोना गटातले, आणि त्या चारातला एक ओसी-४३, जो अमेरिकेत १९६० च्या दशकात सापडला. लहानपणीच बहुतेक सगळ्यांना तो होऊन जातो, तुम्हाला झाला, मला झाला, नाक गळलं आणि संपलं. याचा जीनोम गाईच्या कोरोनाशी लावून बघितला तर ९५ टक्क्यांच्या आसपास जुळतो. मघाशी ज्या लूव्हनच्या गटाचं म्हटलं त्यांनी या दोघांचा पूर्वज एकच कधी होता ते मागे मोजत जाऊन काढलं तर उत्तर आलं १८९० च्या आसपास. म्हणजे साधारण त्या सुमाराला गाईगुरांकडून हा व्हायरस माणसात आला आणि इथेच राहिला, असं त्यांचं म्हणणं.

आता योगायोग बघा, १८८९-९० मध्येच जगभर एक मोठी साथ आली होती, रशियन फ्लू म्हणतात तिला, दहा लाखांच्या घरात माणसं गेली. तेव्हा व्हायरस म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्यामुळे फ्लू हे नाव नुसत्या लक्षणांवरून पडलं. लूव्हनच्या लोकांनी असं सुचवलं की ती साथ कदाचित याच व्हायरसची असेल, आणि त्याच काळात बऱ्याच देशांत गुरांना फुप्फुसाचा एक संसर्गजन्य आजार झाल्याने मोठ्या प्रमाणावर गुरं मारली जात होती, म्हणजे आजारी जनावरांना हाताळणारी माणसंही खूप. हा तर्क आहे आजी, पुरावा नाही. त्या वेळच्या रुग्णाचा नमुना वाचून कुणी सिद्ध केलेलं नाही. नातवाला हेही सांगा, कारण व्हॉट्सअॅपवर हे सिद्ध झालंय म्हणून फिरतं.

आणि हा एकट्या माणसाकडे आला असंही नाही. कुत्र्यांच्या खोकल्यात २००३ मध्ये इंग्लंडमध्ये याचा अगदी जवळचा भाऊ सापडला, डुकरांमध्ये एक आहे, घोड्यांमध्ये एक आहे, हरणं आणि जिराफसुद्धा सुटले नाहीत. त्याच्याही मागे गेलं तर या सगळ्या उपगटाचं मूळ उंदरांच्या जातीत असावं असं मानतात. म्हणजे गाय मूळ नाही, तीही मधलीच.

मग भीती का नको? कारण अशी उडी दीड-एकशे वर्षांत एखादी टिकते. गाई तर आपल्याबरोबर हजारो वर्षं आहेत, रोज कोट्यवधी हात त्यांना लागतात. तुम्ही फक्त घरी येऊन हात धुवा. आणि शिळी पोळी नको, बुरशी आलेली तर मुळीच नको, गाईच्या पोटाला ती खरी वाईट.

प्रश्न (महू) : लंपीसुद्धा कोरोनाच का?

उत्तर : नाही. लंपी हा देवीच्या घराण्यातला पॉक्स व्हायरस, डीएनएवाला, चावणाऱ्या माश्या-डासांनी पसरतो आणि कातडीवर गाठी आणतो. २०२२ मध्ये आपल्याकडे त्याची मोठी साथ आली तेव्हा शेळीच्या देवीची लस दिली होती ती म्हणूनच. दोघांचा काही संबंध नाही.

प्रश्न (उज्जैन) : कोंबड्यांनाही कोरोना होतो म्हणतात, तो गाईंना लागेल का? दोन्ही एकाच वाड्यात आहेत.

उत्तर : कोंबड्यांचा तो गॅमा गटातला, १९३० च्या दशकापासून माहीत असलेला, इन्फेक्शस ब्रॉन्कायटिसवाला. गाईला लागत नाही. वाडा एक असला तरी चालेल, पाण्याची भांडी वेगळी ठेवा.

प्रश्न (देवास रोडवरची डेअरी) : जानेवारीत हरियाणातून एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाई आणल्या. आल्यावर चार-पाच दिवसांत नव्या गाई खोकायला लागल्या आणि मग जुन्या गाईंना पाण्यासारखी काळपट हगवण, दोघींच्या शेणात रक्त, दूध निम्म्यावर. अँटिबायोटिक चालू केलं. सगळ्या वाचल्या पण दूध अजून पूर्ण आलं नाही. नव्या गाई तर विकणाऱ्याकडे ठणठणीत होत्या हो.

उत्तर : ठणठणीत असतीलच, त्यात विकणाऱ्याचं खोटं असेल असं नाही. मोठी गाय बरी झाल्यावरही थोडा थोडा व्हायरस शेणातून टाकत राहते, थंडीत आणि व्यायच्या सुमाराला जास्त. वरून काही दिसत नाही. त्यात दोन दिवस ट्रकमध्ये उभं राहणं, थंड वारा, पाणी कमी, नव्या जागेचा ताण, मग नाकातूनही व्हायरस वाहायला लागतो, आणि तुमच्या जुन्या गाईंना तो वाण कधी भेटलेलाच नाही. लागण झाल्यापासून दोन ते आठ दिवसांत हगवण, सगळ्या गोठ्यात एकदम, मरतुक कमी आणि दुधाचं नुकसान मोठं, हे वर्णन विंटर डिसेंट्रीचं आहे. नक्की सांगायला नमुना लागला असता.

मघाशी विद्यार्थ्याला झाडाचं सांगितलं ते इथे उपयोगी पडतं बघा. स्वीडनमध्ये गोठ्यागोठ्यातले नमुने स्पाइकच्या जनुकावरून ताडले तेव्हा एका साथीत एका गोठ्यातले नमुने जवळजवळ एकसारखेच निघाले. म्हणजे तुमच्या नव्या आणि जुन्या गाईंचे नमुने घेतले असते तर व्हायरस ट्रकमधून आला की आधीच गोठ्यात होता ते कळलं असतं, आणि पुढच्या खरेदीला काय करायचं तेही.

पुढच्या वेळी एवढं कराच. नवीन जनावर किमान तीन आठवडे वेगळं बांधा, वेगळं म्हणजे त्याच छपराच्या दुसऱ्या टोकाला नाही, वेगळी जागा, वेगळी बादली, वेगळं पाटी-फावडं, आणि गडी एकच असेल तर आधी जुन्या गाईंचं करून मग नव्यांकडे जायचं, उलट नाही. गमबूट साबणाच्या पाण्याने घासायचे. या व्हायरसच्या अंगावर चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फाटतं आणि तो मरतो, पण शेणाच्या थराखाली तो साबणापासून लपतो, म्हणून आधी शेण खरवडून मग औषध मारायचं. नुसतं वरून फिनाइल शिंपडून काही होत नाही.

अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही. सोबत बॅक्टेरियाचा न्यूमोनिया असेल तर डॉक्टर देतील, ते त्यांना ठरवू दे. साथ परत आली तर पहिल्या एक-दोन दिवसांतलं ताजं शेण स्वच्छ डबीत, बर्फात ठेवून, नाकाचा स्वॅबही घेऊन, डॉक्टरांमार्फत लॅबला जाऊ दे. आठ दिवसांनी घेतलेल्या नमुन्यात बऱ्याचदा काही मिळत नाही.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर) : गावाकडे गाय व्यायली की पहिला चीक खरवसासाठी आमच्याकडे येतो. वासरांची हगवण आणि चीक यांचा संबंध काय?

उत्तर : या प्रश्नावर मी जरा रागाने लिहिणार आहे, समजून घ्या.

माणसाच्या बाळाला आईच्या अँटिबॉडी पोटात असतानाच वारेतून मिळतात. गाईची वार तशी नाही, त्यातून अँटिबॉडी जात नाहीत, म्हणून वासरू जन्मतं ते अगदी रिकाम्या हाताने. त्याचं सगळं संरक्षण पहिल्या चिकात असतं, आणि ते आतड्यातून रक्तात शिरायचं दार पहिल्या सहा तासांत चांगलं उघडं असतं, मग मिटत जातं आणि चोवीस तासांत बंद. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजलात तरी रक्तात काही जात नाही, आतड्यात थोडा उपयोग होतो तेवढाच. वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक पहिल्या दिवसात गेला पाहिजे, २० किलोच्या वासराला २ लिटर, त्यातला निम्मा जन्मल्यापासून दोन तासांच्या आत. पुष्कळ ठिकाणी वार पडेपर्यंत वासराला तोंडच लावू देत नाहीत, का तर म्हणे वार अडकते. असं काही नसतं! उलट वासराने ओढलं की वार पडायला मदतच होते. त्या थांबण्यात वासराचे सोन्यासारखे तास जातात आणि आधी पोचतो तो गोठ्यातला व्हायरस.

तो आत काय करतो तेही सांगते. आतड्याच्या आत दूध शोषणारी बारीक बारीक बोटं असतात, हा त्यांच्या टोकाच्या पेशी मारतो, बोटं आखूड होतात, दूध न पचता तसंच पुढे जातं आणि सोबत पाणी आणि क्षार ओढून नेतं. वासरू मरतं ते त्या पाण्याने. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच सपाट झाली तर ठीक, दुमड तशीच राहिली, डोळे खोल गेले, तोंडात बोट घातल्यावर आतून गार लागलं, की ओआरएसच्या पलीकडे गेलंय, सलाईन लागणार, डॉक्टरांना तेव्हाच्या तेव्हा बोलवा. त्याआधीच्या टप्प्यावर दिवसातून तीन-चारदा ओआरएस, आणि दूध बंद करायचं नाही, दूध आणि ओआरएस थोडं अंतर ठेवून द्यायचं. दूध तोडून वासराला उपाशी मारायची पद्धत अजून दिसते, ती सोडा.

आणि चिकाचं हे सगळं व्हायरसच्या कुठल्याही फांदीला लागू आहे. आई त्याच गोठ्यात राहते, तिला तिथला वाण भेटलेला असतो, तिच्या चिकात त्याच्याच अँटिबॉडी असतात. म्हणूनच व्यायच्या तोंडावर आलेली गाय विकत आणणं धोक्याचं, तिचा चीक जुन्या गोठ्यासाठी तयार झालेला असतो. व्यायच्या निदान महिना-दीड महिना आधी आणा.

खरवस खा हो, मलाही आवडतो. वासराचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा करा, तोही छान होतो.

प्रश्न (देपालपूर) : हगवणीच्या साथीतलं शेण कुठे टाकायचं? खत म्हणून शेतात चालेल का?

उत्तर : ओलं तसंच शेतात किंवा चाऱ्याच्या तुकड्यात टाकू नका. थंडीत ओल्या शेणात हा व्हायरस बरेच दिवस टिकतो, उन्हात आणि उष्णतेने लवकर मरतो. याचा इलाज तर आपल्याच गावात तयार झालाय. अल्बर्ट हॉवर्ड इंदुरात १९२४ ते १९३१ काम करत होते आणि त्यांनी कंपोस्टची जी रीत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती, थोडी राख, असे थर लावायचे, ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवायची आणि ढीग अधूनमधून उलटायचा. चांगल्या लागलेल्या ढिगात आत ६० अंशांच्या वर उष्णता जाते, तिथे हा व्हायरस राहत नाही. पण ढिगाचा बाहेरचा थर गारच असतो, म्हणून उलटताना बाहेरचं आत आणि आतलं बाहेर आलंच पाहिजे, नुसतं हलवलं म्हणजे उलटलं नाही. ढीग वासरांच्या जागेपासून आणि विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला लावा. साधारण तीन महिन्यांत खत तयार होतं, मात्र मध्येच आजारी गोठ्यातलं ताजं शेण वर टाकलंत तर दिवस परत पहिल्यापासून मोजायचे.